ध्वनिफाइल आणि संख्यांची सरणी : फंक्शनल प्रोग्रॅमिंगमधील एका निवडीचा इतिहास

ध्वनी संगणकाच्या फाइलीत साठविला जातो तेव्हा तो अखेर संख्यांची एक दीर्घ रांग होऊन राहतो. ही रांग प्रोग्रॅमच्या मेमरीत कोणत्या प्रकारच्या सरणीत मांडावी, हा प्रश्न प्रथमदर्शनी कारागिराच्या सोयीचा वाटतो. ज्या भाषांत निर्माण झालेले मूल्य पुढे बदलत नाही आणि चल हे गणितातील चलासारखेच मानले जाते, त्या फंक्शनल भाषांत मात्र तो केवळ सोयीचा राहत नाही. सरणीचा प्रकार ठरविताना मूल्य नेमके केव्हा अस्तित्वात येते, ते मेमरीत कोठे आणि किती काळ राहते, आणि फाइलीतून आलेली संख्या फाइलीत जशीच्या तशी परत जाईल की नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्या निवडीतच दिली जातात. ध्वनिफाइल वाचणाऱ्या लायब्रऱ्यांचा इतिहास पाहिला असता असे दिसते की, पहिल्या दोन प्रश्नांवर विपुल विचार झाला. तिसरा मात्र बहुधा गृहीत धरला गेला. हास्केल या भाषेचा मुख्य आधार घेऊन या विकासाचे टप्पे पाहणे उद्बोधक ठरते.

१. संख्यारूप ध्वनी

ध्वनिलहरीची उंची ठराविक अंतराने मोजून ती संख्येने व्यक्त करावी, ही कल्पना ॲलेक रीव्ह्ज यांनी १९३७ साली मांडली. संगणकाने स्वतः ध्वनी निर्माण करावा या दिशेने पहिले महत्त्वाचे पाऊल मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ साली बेल प्रयोगशाळेत ‘म्यूझिक’ या प्रोग्रॅमद्वारे टाकले. १९८२ साली बाजारात आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कने सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा आणि दोन चॅनेल हे प्रमाण रूढ केले. त्यानंतर १९८८ साली ॲपलची एआयएफएफ आणि १९९१ साली मायक्रोसॉफ्ट व आयबीएम यांची वेव्ह ही फाइलरचना आली.

या दोन रचनांतील भेद सरणीच्या प्रश्नाशी थेट निगडित आहेत. एआयएफएफमध्ये संख्येचा थोर बाइट आधी येतो, तर वेव्हमध्ये लघु बाइट आधी येतो. वेव्हमध्ये ८ बिटांचे नमुने चिन्हरहित असून त्यांची शांतता १२८ या संख्येने दर्शविली जाते. १६ बिटांचे व त्यापुढील पूर्णांकी नमुने चिन्हसहित असून त्यांची शांतता शून्य असते. २४ बिटांचा नमुना तीन बाइटांत बसतो. पण प्रचलित भाषांत तीन बाइटांची पूर्णांकसंख्या हा प्रकारच नसतो. शिवाय दोन चॅनेलचे नमुने डावा, उजवा, डावा, उजवा असे एकाआड एक गुंफलेले असतात. अर्थात फाइलीतील बाइट आणि गणितातील संख्या यांच्यामध्ये एक भाषांतर अटळ असते, आणि सरणी हे त्या भाषांतराचे स्थान होय.

२. यादीपासून सरणीकडे

फंक्शनल परंपरेचा उगम ज्या लिस्प भाषेत शोधला जातो, तिची आखणी जॉन मॅकार्थी यांनी १९५८ साली सुरू केली. तिच्यातील मूलभूत रचना यादी ही होती. एक वर्ष आधी, १९५७ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या फोरट्रानने मात्र सलग मेमरीतील सरणी हीच आपली मुख्य रचना मानली. पुढील कित्येक दशके या दोन परंपरा समांतर चालल्या, आणि संख्यांची मोठी गणिते फोरट्रानच्या वाट्याला गेली.

याचे कारण केवळ वेग हे नव्हते. सरणीतील एक घटक बदलणे ही फोरट्रानमध्ये अत्यंत स्वस्त क्रिया आहे. परंतु जेथे मूल्य बदलताच येत नाही तेथे एक घटक बदलावयाचा म्हणजे संपूर्ण सरणीची नवी प्रत काढावी लागते. एका सेकंदाच्या ध्वनीतील एकेक नमुना असा बदलू गेल्यास ४४,१०० प्रती काढण्याचा प्रसंग येतो. १९८५ साली पॉल ह्यूडॅक आणि एड्रिएन ब्लॉस यांनी या अडचणीचे रीतसर विवेचन केले. जुनी सरणी पुढे कोणालाही लागणार नाही असे कंपायलरला सिद्ध करता आले, तर प्रत न काढता तीच जागा वापरता येते, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता.

दरम्यान ध्वनीच्या क्षेत्रात लिस्पनेच एक निराळी वाट काढली. कार्नेगी मेलन विद्यापीठातील रॉजर डॅनेनबर्ग यांनी एक्सलिस्पवर आधारलेली नायक्विस्ट ही भाषा घडविली. तीत ध्वनी हे न बदलणारे मूल्य आहे. मात्र ते एकेक नमुन्याच्या यादीत नव्हे, तर नमुन्यांच्या खंडांच्या साखळीत साठविले जाते, आणि प्रत्येक खंड मागणी झाल्यावरच गणला जातो. यादीची लवचिकता आणि सरणीची घनता यांचा हा संगम पुढील काळातील लायब्रऱ्यांनी स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

३. हास्केलची पहिली सरणी

१९८७ साली पोर्टलंड येथील परिषदेत विलंबित मूल्यमापन करणारी एक समाईक भाषा निर्माण करण्याचे ठरले, आणि १९९० साली हास्केलचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. तीत सरणीला स्थान होते, पण ही सरणी फोरट्रानच्या सरणीहून मुळातच वेगळी होती. ती एकदम, संपूर्ण अशी व्याख्येने निर्माण होते. तिचा प्रत्येक घटक म्हणजे संख्या नसून, मागितल्यास संख्या देण्याचे वचन असते.

ध्वनीच्या दृष्टीने या रचनेत एक मोठे सौंदर्य आहे. ज्या गाळणीत आजचा निष्पन्न नमुना आजच्या येणाऱ्या नमुन्यावर आणि कालच्या निष्पन्न नमुन्यावर अवलंबून असतो, तिचे समीकरण हास्केलच्या या सरणीत जसेच्या तसे लिहिता येते : सरणीची व्याख्या स्वतः त्याच सरणीचा उल्लेख करते, आणि घटक मागणीनुसार गणले जात असल्याने ते समीकरण सुटतेही. गणिती विधान आणि प्रोग्रॅम यांच्यामध्ये येथे अंतर उरत नाही.

या सौंदर्याची किंमत मात्र जबर होती. कॉम्पॅक्ट डिस्कच्या प्रमाणातील एक मिनिटाच्या दोन-चॅनेल ध्वनीत ५२,९२,००० नमुने असतात. प्रत्येकी दोन बाइट धरल्यास फाइलीत ते सुमारे १ कोटी ६ लाख बाइट व्यापतात. ग्लासगो येथे उगम पावलेल्या जीएचसी या कंपायलरात, ६४ बिटांच्या यंत्रावर, हेच नमुने यादीत ठेवले तर दर नमुन्यास यादीच्या दुव्याचे २४ आणि पेटीबंद संख्येचे १६ असे ४० बाइट लागतात. म्हणजे एकूण सुमारे २१ कोटी १७ लाख. हास्केलच्या मूळ सरणीत दुव्याऐवजी ८ बाइटांचा निर्देशक असल्याने दर नमुन्यास २४ बाइट, म्हणजे एकूण सुमारे १२ कोटी ७० लाख बाइट लागतात. हा हिशेबही सर्व घटक गणून झाल्यानंतरचा आहे. न गणलेले वचन अनेकदा याहून अधिक जागा अडविते. फाइलीच्या वीसपट किंवा बारापट मेमरी मागणारी लायब्ररी छोट्या उदाहरणांपुरती चालेल. संपूर्ण मैफलीच्या ध्वनिमुद्रणास ती उपयोगी नाही.

४. पेटी काढून टाकणे

यावरील उपाय दोन दिशांनी आला. सायमन पेटन जोन्स आणि जॉन लाँचबरी यांनी १९९१ साली पेटीविरहित मूल्यांना भाषेत उघड स्थान देण्याचा मार्ग दाखविला. त्याच दोघांनी १९९४ साली असे सिद्ध केले की, बदलणारी सरणी एका गणनेच्या आत कोंडून ठेवली, तर बाहेरून ती गणना पूर्णपणे शुद्ध राहते. म्हणजे आत फोरट्रानप्रमाणे जागच्या जागी बदल करावयाचा, आणि बाहेर देताना गोठविलेली सरणी द्यावयाची. ह्यूडॅक आणि ब्लॉस यांनी जो निर्णय कंपायलरच्या बुद्धीवर सोपविला होता, तो येथे प्रकारांच्या व्यवस्थेने प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या हाती दिला.

पेटीविरहित सरणीत १६ बिटांचा नमुना दोनच बाइट घेतो. एकेरी अचूकतेची दशांशसंख्या चार आणि दुहेरी अचूकतेची आठ. मात्र या काटकसरीत एक त्याग दडलेला होता. पेटी नाही म्हणजे वचन ठेवण्यास जागा नाही. सरणीतील सर्व मूल्ये एकाच वेळी, पूर्णपणे गणलेली असणे भाग पडते. त्यामुळे स्वतःचाच उल्लेख करणारे गाळणीचे ते सुंदर समीकरण येथे चालत नाही. ते डावीकडून उजवीकडे संचय करीत जाणाऱ्या फलनाच्या रूपात पुन्हा लिहावे लागते.

विलंबित मूल्यमापन न करणाऱ्या फंक्शनल भाषांना हा पेच पडला नाही, पण दुसरा पडला. ओकॅमल भाषेत दशांशसंख्यांची सरणी प्रथमपासून पेटीविरहित असली, तरी तिचा प्रत्येक घटक दुहेरी अचूकतेचा, म्हणजे आठ बाइटांचा असतो. १६ बिटांचे नमुने साध्या पूर्णांकांच्या सरणीत ठेवले तरी ६४ बिटांच्या यंत्रावर ते प्रत्येकी आठ बाइटच घेतात. २००० साली ओकॅमलच्या ३.०० या आवृत्तीबरोबर आलेल्या ‘बिगॲरे’ने १६ बिटांचे पूर्णांक आणि ३२ बिटांच्या दशांशसंख्या सलग मांडण्याची, आणि ती मेमरी सी भाषेतील प्रोग्रॅमला विनासायास देण्याची सोय केली. २४ बिटांच्या नमुन्यास मात्र तीतही घर मिळाले नाही.

५. बाइटांची दोरी आणि सदिश

ध्वनिफाइल वाचणारी बहुतेक प्रौढ यंत्रणा सी भाषेत लिहिलेली आहे. सी भाषेला मेमरीचा स्थिर पत्ता लागतो, तर हास्केलची कचरा वेचणारी यंत्रणा मूल्यांना एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवीत असते. यामुळे हलविता न येणारी, जागेवर खिळलेली मेमरी हा सरणीच्या निवडीतील एक निकष ठरला. सी भाषेशी व्यवहार करण्याचे नियम हास्केल २०१० या प्रमाणात अधिकृतपणे समाविष्ट झाले. प्रत्यक्ष वापर त्याआधीच रूढ झाला होता.

डंकन कूट्स, डॉन स्ट्यूअर्ट आणि रोमन लेश्चिन्स्की यांचा ‘बाइटस्ट्रिंग’विषयीचा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला. या रचनेचे दोन अवतार आहेत : एक सलग, आणि दुसरा खंडांच्या विलंबित साखळीचा. दुसऱ्या अवतारात नायक्विस्टची कल्पना नव्या रूपात पुन्हा भेटते. ध्वनीच्या बाबतीत मात्र या साखळीत एक खाच आहे. खंडाचा आकार साधारणतः ३२ किलोबाइट असतो. २४ बिटांच्या दोन-चॅनेल ध्वनीत एका क्षणाचे नमुने सहा बाइट घेतात. आणि त्या आकाराला सहाने निःशेष भाग जात नाही. परिणामी एकाच क्षणाचे नमुने दोन खंडांत फाटतात, आणि वाचणाऱ्याला ते सांधून घ्यावे लागतात. बाइटांची दोरी बाइटच जाणते, संख्या जाणत नाही, ही तिची मर्यादा होय.

ती मर्यादा ओलांडण्यासाठी बाइटस्ट्रिंगच्याच धर्तीवर, परंतु कोणत्याही साठविण्यायोग्य प्रकारासाठी, ‘स्टोरेबलव्हेक्टर’ ही लायब्ररी तयार झाली. तिचा पुढील सांभाळ करणारे हेनिंग थीलेमान यांनी २००४ साली नेपल्स येथील ध्वनिपरिणामविषयक परिषदेत हास्केलमधून ध्वनिसंस्कार करण्याचा विचार मांडला होता. या लायब्ररीच्या विलंबित अवतारात खंड संख्यांचे असतात, बाइटांचे नव्हेत. लेश्चिन्स्की यांच्या ‘व्हेक्टर’ या लायब्ररीने पेटीबंद, पेटीविरहित आणि साठविण्यायोग्य अशा तिन्ही सरण्यांना एकच पृष्ठभाग दिला, आणि एकामागून एक येणाऱ्या क्रियांतील मधल्या सरण्या गाळून टाकण्याचे तंत्र आणले. सरणीचा तुकडा प्रत न काढता देण्याची सोयही तीत आहे. परंतु सेकंदभराचा तुकडा जपून ठेवला तर तासभराची मूळ सरणी मेमरीतून सुटत नाही, हे येथे विसरून चालत नाही.

या लायब्ररीतील पेटीविरहित आणि साठविण्यायोग्य या दोन प्रकारांतील भेद ध्वनीच्या अभ्यासकाने बारकाईने पाहण्यासारखा आहे. पेटीविरहित सदिशात डाव्या-उजव्या नमुन्यांच्या जोड्या ठेवल्या, तर आत दोन स्वतंत्र सरण्या तयार होतात : एक सर्व डाव्यांची, एक सर्व उजव्यांची. साठविण्यायोग्य सदिशात त्या फाइलीप्रमाणेच गुंफलेल्या राहू शकतात, आणि सी भाषेच्या हाती तशाच देता येतात. म्हणजे चॅनेल अलग ठेवावेत की गुंफलेले ठेवावेत, हा ध्वनिशास्त्रीय वाटणारा निर्णय प्रत्यक्षात प्रकाराच्या एका नावाने होऊन जातो.

६. लायब्रऱ्यांचे तीन पवित्रे

एरिक डी कास्ट्रो लोपो यांची ‘लिबसंडफाइल’ ही सी भाषेतील लायब्ररी या क्षेत्रात आधारभूत मानली जाते. फाइलीतील प्रकार कोणताही असो, वाचणाऱ्याने १६ बिटांचा पूर्णांक, ३२ बिटांचा पूर्णांक, एकेरी दशांशसंख्या किंवा दुहेरी दशांशसंख्या यांपैकी एक मागावी, आणि भाषांतर लायब्ररीने करावे, असा तिचा पवित्रा आहे. पूर्णांकी फाइल दशांशसंख्यांत मागितल्यास मूल्ये आपोआप उणे एक ते एक या कक्षेत आणली जातात.

स्टेफान केर्स्टन यांच्या ‘एचसंडफाइल’ने तीच लायब्ररी हास्केलला जोडली. येथील महत्त्वाचा निर्णय असा की, मूळ जोडणी कोणत्याही एका सरणीला बांधली गेली नाही. सरणीने कोणती कर्तव्ये पार पाडावीत एवढेच तीत नमूद केले, आणि व्हेक्टर व स्टोरेबलव्हेक्टर यांच्यासाठी स्वतंत्र छोटी पॅकेजे ठेवली. याउलट जॉर्ज गिओर्गिड्झे यांच्या ‘एचकोडेक्स’ने सर्व काही हास्केलमध्येच लिहिले, आणि ध्वनी म्हणजे नमुन्यांचा वेग, चॅनेलची संख्या आणि एक संपूर्ण पेटीविरहित सरणी, अशी सरळ व्याख्या केली. ह्यूडॅक यांच्या येल विद्यापीठातील परंपरेतून आलेली ‘युटर्पिया’ ही संगीतविषयक लायब्ररी वेव्ह फाइल लिहिण्यासाठी हिचाच आश्रय घेते. पहिला पवित्रा प्रकार मागणाऱ्यावर सोपवितो, दुसरा सरणी मागणाऱ्यावर सोपवितो, आणि तिसरा दोन्ही स्वतः ठरवून टाकतो. शिकविण्यासाठी तिसरा सर्वांत सोपा आहे. मोठ्या संग्रहासाठी तो सर्वांत अवघड ठरतो, कारण संपूर्ण ध्वनी मेमरीत मावेल हे त्याचे गृहीत असते.

७. निष्ठेचा प्रश्न

आता तिसऱ्या, दुर्लक्षित प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. एकेरी अचूकतेच्या दशांशसंख्येत २४ बिटांची सार्थ जागा असते. म्हणून १६ आणि २४ बिटांचा प्रत्येक नमुना तीत अचूक मावतो. ३२ बिटांचे सर्व पूर्णांक मात्र तीत मावत नाहीत. त्यांना दुहेरी अचूकताच हवी. जी लायब्ररी वेगासाठी सर्व ध्वनी एकेरी अचूकतेत उतरविते, ती ३२ बिटांच्या पूर्णांकी फाइलीचे खालचे बिट निःशब्दपणे टाकून देते. ऐकणाऱ्यास हे जाणवणार नाही, परंतु मूळ फाइलीशी बरहुकूम ताडून पाहणाऱ्या संग्रहालयास ती मूळ प्रत राहिलेली नाही, हेच खरे.

दुसरी खाच कक्षेच्या असमतोलाची आहे. १६ बिटांत उणे ३२,७६८ ही संख्या आहे, अधिक ३२,७६८ नाही. नमुन्याला ३२,७६८ ने भागणे आणि परत गुणणे या क्रिया दोनाच्या घातांकामुळे अचूक होतात. पण अधिक एक हे मूल्य परत येताना कक्षेबाहेर पडते, आणि मर्यादा न घातल्यास गुंडाळले जाऊन उणे टोकाला पोहोचते. ऐकताना तो एक कर्कश टिचका असतो. ३२,७६७ ने भागल्यास हा धोका टळतो. पण मग भागाकार अचूक राहत नाही, आणि परतताना जवळच्या पूर्णांकाकडे न वळता नुसता अपूर्णांक तोडला, तर नमुना एकाने चुकण्याचा संभव राहतो. तसेच हास्केलमध्ये १६ बिटांच्या उणे ३२,७६८ चे निरपेक्ष मूल्य पुन्हा उणे ३२,७६८ च येते. ध्वनीतील सर्वोच्च शिखर शोधणारे फलन त्या प्रकारातच हिशेब करील, तर नेमके सर्वांत मोठे शिखर त्याच्या नजरेतून सुटेल. प्रकारव्यवस्थेची कीर्ती असलेल्या भाषेत प्रकार सर्वथा बरोबर असूनही उत्तर चुकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

८. समारोप

या इतिहासाचा आढावा घेता एक क्रम स्पष्ट होतो. यादीने ध्वनीला प्रवाह मानले. हास्केलच्या मूळ सरणीने त्याला समीकरण मानले. पेटीविरहित सरणीने त्याला साठा मानले. खंडांच्या साखळीने प्रवाह आणि साठा यांच्यात तडजोड केली. यांपैकी कोणतीही रचना चुकीची म्हणता येत नाही. प्रत्येकीने ध्वनीचे एक अंग उजळले आणि दुसरे झाकले. म्हणून सर्वांना पुरेल अशी एकच सरणी शोधण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. जी लायब्ररी सरणीची कर्तव्ये सांगते आणि सरणी स्वतः लादत नाही, तिचा मार्ग या दृष्टीने अधिक टिकाऊ ठरतो. त्याची किंमत म्हणून प्रकारांची गुंतागुंत नवशिक्याला काही काळ सोसावी लागते.

परंतु सरणीचे पात्र मोकळे ठेवणे पुरेसे नाही. पात्रात ओतली जाणारी संख्या कोणती, ती कोणत्या नियमाने बदलली, आणि तो बदल उलटविता येतो काय, हेही प्रकारातच नोंदले गेले पाहिजे. फाइलीतील मूळ प्रकार आणि प्रोग्रॅमच्या हिशेबाचा प्रकार हे दोन वेगळे ठेवून, एकातून दुसऱ्यात जाण्याची क्रिया उघडपणे नाव देऊन करावयास लावणे, ही त्यासाठीची किमान शिस्त होय. वेग आणि मेमरी यांच्या चुका यंत्राच्या संथपणातून लवकर उघडकीस येतात. निष्ठेची चूक मात्र मूळ ध्वनिमुद्रण नष्ट झाल्यावर, केवळ प्रत हाती उरलेली असताना ध्यानात येते, आणि तेव्हा ती दुरुस्त करण्याचे साधन उरलेले नसते.